वाढले कोणी?

गेल्या आषाढातल्या एका रविवारी दुपारी शेजारचे अण्णा माझी कादंबरी परत करायला आले. पुस्तकाला त्यांनी वर्तमानपत्राचे वेष्टन घातले होते आणि वेष्टनासकटच ते त्यांनी माझ्या हातात ठेवले. साकीनाक्याला खैरानी रोडच्या आतल्या अंगाला आमची वस्ती आहे. घरे इतकी लगत की एका घरच्या फोडणीने दुसऱ्या घरी ठसका लागतो. अशा वस्तीत पुस्तक वाचायला नेणारा शेजारी लाभावा आणि त्याने ते परतही आणून द्यावे, हे दोन्ही योग दुर्मिळच. मी अण्णांना बसायला सांगितले आणि चहाचे आधण ठेवले.

अण्णा मूळचे उडुपीकडचे. घरी तुळू बोलतात. बाराव्या वर्षी ते मुंबईस आले, गिरगावातल्या एका हॉटेलात कपबशा विसळू लागले, रात्री कानडी रात्रशाळेत जाऊन सातवीपर्यंत शिकले, आणि पुढे चाळीस वर्षे निरनिराळ्या हॉटेलांत वाढण्याचे काम करून आता घरी बसले आहेत. मराठी बोलायला ते गिऱ्हाइकांकडून शिकले आणि वाचायला दुकानांच्या पाट्यांवरून. चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "बाई, पुस्तक चांगलं आहे. सासू तर अगदी आमच्या गावाकडची वाटते. पण एक कळलं नाही. त्या घरची पाच माणसं हॉटेलात जेवायला जातात. चांगली दोन पानं जेवतात. वाढलं कोणी?"

मला वाटले, अण्णा थट्टा करताहेत. मी हसले. ते मात्र हसले नाहीत. चहा संपवून, बशी जागच्या जागी ठेवून ते गेले.

ते गेल्यावर मी ते प्रकरण काढून वाचले. माझ्याच हातचे लिखाण होते ते असे : पाणी आले. वाफाळलेल्या इडल्या आल्या. पाठोपाठ सांबार आले. मग डोसा आला, तो पाहून धाकट्याचे डोळे विस्फारले. शेवटी बिल आले, आणि बिलाबरोबर बडीशेप आली. दोन पानांत सगळे पदार्थ आपापल्या पायांनी चालत टेबलापाशी आले होते!

मी शाळेत खालच्या वर्गांना मराठी शिकवते. वाक्यातला कर्ता कसा ओळखावा, हे दरवर्षी नव्या मुलांना सांगते. क्रियापदाच्या धातूला 'णारा' जोडायचा आणि 'कोण' म्हणून विचारायचे. 'रामा आंबा खातो'; खाणारा कोण? रामा. या रीतीने 'इडली आली' हे वाक्य तपासले, तर येणारी कोण? इडली. व्याकरण बिनचूक आहे. परीक्षेत पूर्ण गुण मिळतील. अण्णांच्या दृष्टीने मात्र त्या वाक्यातला कर्ता कोणीतरी पळवून नेला होता, आणि तो पळवणारी मी होते.

मी काही टीकाकार नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. रस, अलंकार, वाद आणि संप्रदाय यांच्यावर अधिकाराने लिहिणारी विद्वान मंडळी याच अंकात अन्यत्र भेटतील. परंतु अण्णांच्या त्या प्रश्नाने मला चैन पडू दिले नाही. कपाटातली आणि वाचनालयातली जुनी पुस्तके काढून मी त्यांतल्या पंगती, हॉटेले आणि सहली पुन्हा वाचल्या. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा जमाखर्च.

प्रथम विषयाविषयी. कुटुंबाने रविवारी बाहेर जेवायला जाणे, मित्रमंडळींची सहल, पाहुण्यांबरोबरचा चौपाटीचा फेरफटका हे विषय आपण क्षुल्लक मानतो. कादंबरीत ते दोन दुःखांच्या मधे विसाव्याला येतात. परंतु आमच्यासारख्या घरांत या गोष्टी क्षुल्लक खचितच नसतात. साकीनाक्याचेच पाहा. अंधेरी आणि घाटकोपर यांच्यामधला हा भाग; कारखाने, गाळे, भंगाराची गोदामे आणि त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली वस्ती. समुद्र तसा दूर नव्हे, पण अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या गर्दीतून तिकडे जायचे म्हणजे जातानाच निम्मा जीव जाई. ८ जून २०१४ रोजी घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो सुरू झाली, बारा स्थानकांपैकी एक आमच्या नाक्यावर आले, आणि संध्याकाळी पाचला निघून समुद्र बघून रात्री जेवायला घरी येणे आम्हांला साधू लागले. ज्या सासूबाईंनी मुंबईत तीस वर्षे काढून समुद्र दोनदाच पाहिला होता, त्यांना हे सुख क्षुल्लक वाटले नाही.

हॉटेलाचेही तसेच. आमच्या आजीच्या पिढीला बाईमाणसाने हॉटेलात बसून खाणे शोभत नसे. जुन्या इराण्याकडे आणि उडप्याकडे 'फॅमिली रूम' अशी पाटी असे, आणि आत आडोशाला बसून बायका चहा पीत. माटुंग्याचे रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालचे. अशा खाणावळी आधी भरल्या त्या घरापासून दूर राहणाऱ्या एकट्या नोकरदारांनी. बायकामुले मागाहून आली. म्हणजे आज महिन्याच्या पहिल्या रविवारी एखादे कुटुंब उघड्या टेबलाशी बसून डोसा खाते, त्यामागे दोन-तीन पिढ्यांची चाल आहे. त्या टेबलाशी घरातले सगळे नातेसंबंध येऊन बसतात. मेन्यूकार्ड हातात आले की मुले डावीकडची नावे वाचतात आणि मोठी माणसे उजवीकडचे आकडे वाचतात. आमच्या सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. "मला भूक नाही, मी तुमच्यातलंच थोडं घेईन," हे त्यांचे वाक्य आकड्यांवर नजर फिरल्यावर येते. यजमान म्हणतात, "घे गं आई, रोज का येतो आपण?" आणि तेवढ्यात मनाशी बेरीज करतात. एका टेबलाशी एवढे नाट्य घडत असताना कादंबरीकाराने 'डोसा आला' म्हणून पुढे जावे, हे धंद्याला धरून नव्हे.

अण्णांच्या एका प्रश्नात मग मी माझे दोन घातले. वाढले कोणी? पैसे कोणी दिले? आणि अर्धपोटी कोण उठले? आपल्या वाङ्मयातल्या सुखाच्या प्रसंगांना हे तीन प्रश्न विचारून पाहावेत, असे मी ठरवले.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की असे प्रसंग शोधायला मला विनोदी पुस्तकांकडेच जावे लागले. चिं. वि. जोशी यांचे 'चिमणरावाचे चऱ्हाट' १९३३ सालचे. आमच्या पिढीने चिमणराव आणि गुंड्याभाऊ आधी दूरदर्शनवर पाहिले आणि मग पुस्तकात वाचले. चिमणराव हा कारकून, आणि आपली फजिती तो आपल्याच तोंडाने सांगतो. त्यामुळे 'पैसे कोणी दिले' या प्रश्नाचे उत्तर त्या पानांत कधी लपत नाही. खिसा त्याचा, आणि तो किती हलका आहे हे त्याला आणि आपल्याला ठाऊक असते. हा मोठा प्रामाणिकपणा आहे. काऊ मात्र आपल्याला दिसते ती चिमणरावाच्या नजरेतून. तिने स्वयंपाकघरात काय पाहिले, हे ती सांगू लागली असती, तर एक दुसरेच चऱ्हाट झाले असते, आणि तेही कमी विनोदी झाले नसते.

दुसरे नाव अर्थात पु. ल. देशपांडे यांचे. 'बटाट्याची चाळ' १९५८ मध्ये आली. तिच्यातले 'भ्रमण मंडळ' हे चाळकऱ्यांच्या सहलीचे प्रकरण माझ्या घरात तीन पिढ्यांनी एकत्र बसून ऐकले आहे. बरीचशी गंमत आहे ती निघण्याआधीच्या खलात. आणि ज्याने कधी दहा माणसांची सहल ठरवली आहे त्याला ते प्रकरण वाचताना स्वतःचीच बैठक आठवते. चाळीला अखेर 'एक चिंतन' जोडून लेखकाने हसणाऱ्याला क्षणभर गप्प केले आहे. ही मंडळी आपली होती, आणि ती जात आहेत, ही जाणीव तिथे आहे. तरीही सहलीचे डबे भरले कोणी, हे मला चाळीच्या हास्यात नीटसे ऐकू येत नाही.

पण घाईने निकाल देऊ नये. याच लेखकाने 'व्यक्ती आणि वल्ली' लिहिले आणि त्यात 'नारायण' लिहिला. दुसऱ्यांच्या लग्नात सगळ्यांच्या आधी राबायला लागणारा आणि सगळे पांगल्यावर एकटा उरणारा हा नारायण म्हणजे अण्णांच्या प्रश्नाचे जणू उत्तरच. शंभर पाने उठली ती कोणाच्या धावपळीवर, हे तिथे दिसते. आणि दिसते म्हणून विनोद कमी होत नाही. उलट तो मनात राहतो. या पुस्तकाला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विनोद गंभीर असू शकतो, हे त्यामुळे सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही. ते 'नारायण' वाचणाऱ्याला पुरस्काराआधीच कळले होते.

तिसरे गंगाधर गाडगीळ. त्यांच्याकडे तर दोन दौती होत्या. एका दौतीतून 'किडलेली माणसे'सारखी कथा उतरली आणि दुसरीतून बंडू आणि त्याची स्नेहलता. नवकथेने माणसाच्या मनाचे कोपरे न् कोपरे उजळले, हे तिचे ऋण कोण नाकारील? पण माझी तक्रार अशी की त्या काळापासून आपण एक वाटणी करून टाकली. दुःख गंभीर लेखकाकडे, सुख विनोदी लेखकाकडे. गंभीर लेखक सुखाच्या प्रसंगाला संशयाने बघू लागला, आणि विनोदी लेखकाला त्या प्रसंगात हशा सोडून दुसरे काही शोधण्याची मुभा राहिली नाही. या वाटणीत नुकसान झाले ते सुखाचे. ते पुरते कोणी पाहिलेच नाही.

अशी वाटणी अपरिहार्य आहे का? लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढून पाहावी. पहिला भाग १९३४ सालचा. शाळेचे रीतसर शिक्षण नसलेल्या या बाईंनी संसारातली ओढाताण, आलेगेले आणि नवऱ्याचा उदारपणा सांगताना हसू आणि पाणी वेगवेगळ्या भांड्यांत ठेवले नाही. वडिलांच्या सोवळ्याचे वेड त्या सांगतात, बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घ्यायचा नाही, तेव्हा आपण खो खो हसतो. पण तो धुण्याचा त्रास कोणाच्या हातांना पडला, हेही त्याच ओळीत दिसत राहते. तिथे कर्ता पळालेला नाही. कारण सांगणारी स्वतः धुणाऱ्यांतली होती.

आणि मग ती पुस्तके, ज्यांच्यापुढे आपल्या खाद्यप्रेमी लेखनाने थोडे थांबायला हवे. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले, शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ मध्ये. 'अर्धपोटी कोण उठले' या माझ्या तिसऱ्या प्रश्नावर ही पुस्तके वेगळाच सवाल टाकतात : उठायला आधी बसायला तर मिळाले पाहिजे! पंगत, पान, आग्रह, वाढप या शब्दांचा आपल्याला जो सुगंध येतो, तो पंगतीत पान मांडलेले असणाऱ्यांनाच येतो. हे वाचल्यावर मी आपली जुनी आवडती पाने फाडून टाकली नाहीत, आणि कोणी फाडावीत असेही मला वाटत नाही. परंतु त्या पानांतला मांडव केवढा होता, त्याची कनात कुठवर होती, हे मला दिसू लागले. टीकेने याहून अधिक काय करायचे?

वाढणाऱ्याच्या बाजूने पाहायचे, तर मला नारायण सुर्वे यांची आठवण होते. हॉटेलातला पोऱ्या, घरगडी, गिरणी कामगार, शाळेतला शिपाई आणि मग शिक्षक, असा त्यांचा प्रवास. 'माझे विद्यापीठ' हा त्यांचा संग्रह १९६६ सालचा. कपबशी विसळणारा हात लिहू लागला म्हणजे काय होते, याचा तो दाखला आहे. अण्णांसारखी कितीतरी मुले दिवसा टेबले पुसून रात्री शाळेत जात. त्यांच्यातले बहुतेक कवी झाले नाहीत. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेलांत आणि ढाब्यांवर कामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून कायद्याने बंदी आली, म्हणजे अण्णांची पहिली नोकरी आज गुन्हा ठरेल. पण आमच्या कथांतला 'पोऱ्या' अजून बिनानावाचाच आहे. त्याला हाक मारली जाते, त्याच्यावर ओरडले जाते, त्याच्या हातून एखादा ग्लास फुटतो, आणि तेवढ्यावर त्याची भूमिका संपते.

आता सहलीकडे वळू. आपले प्रवासवर्णन संपन्न आहे. 'अपूर्वाई' १९६० मध्ये आली आणि विलायत मराठी घरांत पोचली. आमच्या साकीनाक्याहून मेट्रोने तिसरे स्थानक घाटकोपर. तिथल्या चिरागनगरात राहणारे लोकशाहीर अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला जाऊन आले आणि त्यांनीही आपला प्रवास लिहून ठेवला. लांबच्या प्रवासाला लेखक मिळाले. रविवारची सहल मात्र आपण शाळेच्या निबंधाला देऊन टाकली आहे.

'आमची सहल' या विषयावरचे निबंध मी वीसएक वर्षे तपासते आहे. ते सर्व एकाच आईची लेकरे वाटावीत इतके सारखे असतात. आम्ही पहाटे उठलो. डबे तयार होते. बस सुटली. आम्ही गाणी म्हटली. निसर्गरम्य दृश्य पाहिले. डबे खाल्ले. परत आलो. 'डबे तयार होते' हे वाक्य मी किती वेळा वाचले असेल! पुष्कळ वर्षांमागे एका मुलीने मात्र निराळे लिहिले. तिने लिहिले होते की रिक्षात जागा नव्हती म्हणून आई घरी राहिली; ती साडेतीनला उठली होती; आम्ही तळ्याकाठी पुऱ्या खाल्ल्या तेव्हा आई घरी काय करत असेल असे मला वाटले; आणि मग आई घरी काय काय करत असेल, यावरच अर्धा निबंध होता. तळे दोन ओळींत संपले होते. मी तांबड्या शाईने समासात लिहिले, 'विषयांतर'. आणि दहापैकी चार गुण दिले.

त्या मुलीचे नाव मला आठवते. इथे लिहीत नाही. वर्गातली ती एकटीच अशी होती, जिने 'डबे तयार होते' या वाक्याला 'कोण' म्हणून विचारले होते, आणि कर्ता शोधायला शिकवणाऱ्या बाईंनीच तिचे गुण कापले. आपल्या गंभीर टीकेनेही काही कमी तांबडी शाई सांडलेली नाही. सुखाच्या प्रसंगात कोणी राबणाऱ्याकडे वळला की 'प्रचार', आणि दुःखाच्या कथेत कोणी मजेत भजी खाल्ली की 'रंजन'!

आमची स्वतःची एक सहल सांगते. मागच्या हिवाळ्यात आम्ही कान्हेरीची लेणी पाहायला गेलो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात इतक्या जवळ असून इतकी वर्षे राहून गेली होती. तिथे अकरा क्रमांकाच्या लेण्याला दरबार लेणे म्हणतात. आत दोन लांबच लांब सखल दगडी बाक कोरलेले आहेत. ते पाहून सासूबाई लगेच म्हणाल्या, "पंगत चांगली बसेल." बाहेर झाडाखाली आम्ही डबा उघडला, आणि दुसरी पुरी तोंडात जाते न जाते तोच एका माकडाने अख्खा डबा उचलून फांदीवर नेला. मुले हसून लोळली. यजमानांनी काठी शोधली. सासूबाई मात्र वर बघत म्हणाल्या, "मेल्या, चाळीस लाटल्या होत्या रे!" चाळीस हा आकडा आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हता. आम्ही त्या दिवशी परत येऊन मुलांना ही गोष्ट सांगायला लावली, तेव्हा त्यांनी माकड सांगितले आणि चाळीसही सांगितले. गोष्ट अधिकच हसरी झाली होती.

हे मी मुद्दाम सांगते, कारण लेखाचा कच्चा खर्डा वाचून यजमान म्हणाले, "दिवाळीच्या अंकात तरी लोकांना सुखाने चकली खाऊ दे." आक्षेप रास्त आहे. वर्षभर राबून माणूस चार दिवस गोडधोड खातो, त्या वेळी त्याच्या ताटात प्रश्नांचे खडे टाकणे हा दुष्टपणाच. पण मला ताटातली चकली काढून घ्यायची नाही. चकलीला हात असतो, एवढेच म्हणायचे आहे.

आणि आम्ही खैरानी रोडवाल्यांनी ते विसरणे बरे नव्हे. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे या रस्त्यावरच्या एका फरसाणाच्या गाळ्याला आग लागली. जिथे काम करायचे तिथेच झोपणारे बारा कामगार त्यात गेले. त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी दिवाळी झाली होती. शाळेच्या परीक्षांमुळे त्या साली मला सवड नव्हती, म्हणून शेव आणि चिवडा आम्ही याच रस्त्यावरच्या कुठल्याशा दुकानातून आणला होता, आणि पाहुण्यांना बशी देताना मी म्हटले होते, "फराळ यंदा बाहेरून आला." आला! आगीनंतर कित्येक दिवस ते क्रियापद माझ्या कानात होते. तरीही चार वर्षांनी कादंबरी लिहायला बसले तेव्हा मी पुन्हा 'इडल्या आल्या' असेच लिहिले. भाषेची सवय किती खोल असते ते यावरून कळावे. आता तर हॉटेलात पान समोर येताच मुले मोबाईलवर त्याचे चित्र काढतात. परवा मी असे एक चित्र नीट पाहिले. ताट सुरेख आले होते. ठेवणाऱ्याचा हात मनगटापाशी कापला गेला होता.

तेव्हा लेखक मंडळींना, आणि त्यांत प्रथम मला स्वतःला, माझे सांगणे इतकेच आहे. सुखाचे प्रसंग लिहा, भरभरून लिहा; सहल लिहा, हॉटेल लिहा, चौपाटीवरची भेळ लिहा. ते विनोदी लेखकांवर सोपवून मोकळे होऊ नका. आणि लिहून झाले की क्रियापदांना 'णारा' लावून एकदा वाचा. वाचकांनाही हा खेळ घरच्या घरी खेळता येईल. याच अंकातल्या कथांवर खेळला तरी संपादक रागावणार नाहीत अशी आशा आहे.

कादंबरीच्या नव्या आवृत्तीचा योग येईल तेव्हा येवो. मी ती दोन पाने पुन्हा लिहून काढली. आता तिथे एक मुलगा आहे. तो घामाघूम आहे, त्याला नाव आहे, आणि त्या घरच्या आजीने "मला भूक नाही" म्हटल्यावर तो न मागता एक वाटी सांबार जास्त आणून तिच्यापुढे ठेवतो. लिहून मला फार समाधान वाटले. मी ती पाने घेऊन अण्णांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही पाने सावकाश वाचली आणि म्हणाले, "बाई, सांबार आधी नाही. आधी पाणी ठेवतात."

"लिहिते तसं," मी म्हटले.

"नुसतं पाणी ठेवलं असं नको. पाच पेले असतात. एका खेपेला न्यायचे, आणि बोटं आत बुडू द्यायची नाहीत." त्यांनी उजव्या हाताची बोटे पसरून मला ती पकड दाखवली. "हे शिकायला मला दोन महिने लागले होते."